रविवारचे कागद

राजारामपुरी, कोल्हापूर
सोमवार, १० जानेवारी १९८३

चि. सयाजी यास,

आशीर्वाद नेहमीचेच, आणि भरपूर. पण या खेपेस त्यांच्याआधी एक तक्रार नोंदवून घे. तक्रारदार : अस्मादिक, वय वर्षे बावन्न, संस्कृत शिक्षक. आरोपी : तुझ्या यंत्राची लेखणी. शनिवारी सकाळी कागदाची गुंडाळी बदलत असताना सदर लेखणीने, माझ्याकडून कसलीही कुरापत झालेली नसताना, माझ्या नव्या धोतरावर लाल शाईची पिचकारी मारली. त्याच दिवशी शाळेत बक्षीस समारंभ. दुसरं धोतर दोरीवर ओलं. मी तसाच व्यासपीठावर जाऊन बसलो. पाहुणे बाजार समितीचे होते. त्यांनी कानाशी लागून विचारलं, "सर, लागलंय काय कुठं?" मी म्हणालो, "विज्ञानाच्या सेवेत." परिणाम असा, की भाषणात त्यांनी माझा उल्लेख 'विज्ञानाचे ज्येष्ठ शिक्षक' असा केला. तीस वर्षं मुलांकडून शब्दरूपं घोकून घेतल्याचं हे फळ.

मामीपुढे दाद मागितली. ती म्हणाली, "धुतल्यावर निघंल की. आन् न्हाय निघालं तर सगळंच लाल करून घ्या."

खटला इथे संपला. पण खरं सांगू? त्या लेखणीवर मला फार वेळ रागावता येत नाही. गौरी-गणपतीच्या सुट्टीत तू येऊन गच्चीवर तारा ताणल्यास, तुझ्या जुन्या अभ्यासाच्या खोलीत ती पेटी मांडलीस आणि मला तिचा मानद कारकून नेमलंस, तेव्हा मी मनात हसलो होतो. आकाशातून रेडिओचा गोंगाट येतो आणि तो कागदावर उतरवून घ्यायचा, म्हणे! पण रोज कागद बदलता बदलता माझी त्या पेटीवर भक्ती जडली. आकाशगंगा माथ्यावर आली की लेखणी चढते आणि कागदावर उंचवटा उमटतो, हे तू दाखवलंस. तो उंचवटा रोज चार मिनिटं लवकर येतो. महिन्याला दोन तास. नक्षत्रं अशीच सरकतात हे मला पंचांगामुळे ठाऊक होतं. पत्र्याच्या पेटीला ते कुणी सांगितलं?

तुझं सात पानी पत्र मामीने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तुझा शोध तिला मी असा समजावला : दसऱ्यानंतर कोल्हापूरच्या कागदांवर काही नवंच दिसू लागलं. सूर्य बुडाल्यावर थोड्या वेळाने लेखणी थरथरू लागते आणि दोन-तीन तास थरथरत राहते. सूर्यास्त दोन मिनिटं मागे गेला की थरथरही मागे जाते. म्हणजे ती सूर्याशी बांधलेली आहे, हवेच्या पार वरच्या थरात काही ढवळतं आहे, आणि इतकं स्वच्छ ते कुणाला दिसलेलं नाही. तुझे मार्गदर्शक खूश आहेत. एकवीस फेब्रुवारीला तू विद्वानांपुढे निबंध वाचणार, आणि मे महिन्यात स्वतः इथे येऊन महिनाभर यंत्रापाशी बसणार. यातलं मामीच्या डोक्यात फक्त शेवटचं शिरलं. तिने तुझी गादी पिंजून घेतली आहे. जानेवारीत.

पूर्वी तुझं पोस्टकार्ड यायचं, चार महिन्यांतून एकदा. 'मी खुशाल. परीक्षा बरी गेली. कळावे.' त्याहून मोठा मजकूर आमचा दूधवाला खडूने दारावर लिहितो. आता दर आठवड्याला पाकीट, आणि त्याला जादा तिकीट. आनंद आहे.

रविवारचे कागद का नसतात, असं तू पुन्हा विचारलं आहेस. मागे लिहिलं होतं ना, रविवारी दुपारपासून आमच्या बाजूची वीज जाते. अर्धवट कागद काय पाठवायचा! असो.

आक्का राधानगरीहून येऊन गेली. म्हैस व्याली, रेडी झाली. तुझ्या शोधाबद्दल तिला सांगितलं, तर म्हणाली, "बापाइना पोर वाढीवलं तुमी, आता आभाळातलं वाचाय लागलं. मला येक पत्र मातूर लिवत न्हाई." निरोप पोचवला. तुझ्या आईला चार ओळी लिही.

मामी बरी आहे. तू अहमदाबादेस गेल्यापासून बंद पडलेलं तिचं भांडण पुन्हा सुरू झालं आहे, यावरून काय ते ओळख. संध्याकाळी घरी बायका जमतात. आपल्या रेडिओवाल्या अल्लाउद्दीन मिस्त्रींच्या आई, इमामबी, सगळ्यांत आधी येऊन भिंतीला टेकून बसतात. कशासाठी जमतात ते कधीतरी सावकाश लिहीन.

तुझा मानद कारकून,
जोतीराम मामा


राजारामपुरी
शुक्रवार, २८ जानेवारी १९८३

चि. सयाजी यास आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. उत्तराला चार दिवस लागले, कारण शाळेची तपासणी होती. तपासणी एकाच दिवसाची होती, हे तू विचारण्याआधी मीच सांगतो.

तू विचारतोस : 'मामा, आसपास कुणी टीव्हीचा बूस्टर लावला आहे का? सरांनी खात्री करून घ्यायला सांगितलं आहे. तुम्ही सांगाल ते प्रमाण.'

'आसपास' या अव्ययाची व्याप्ती तू दिलेली नाहीस. राजारामपुरीच्या बाराही गल्ल्यांत आता कौलांवर लोखंडी पाइपांचं रान माजलं आहे. पुण्याचं चित्र इथवर पोचेपर्यंत दमून जातं. निम्मं चित्र, निम्म्या मुंग्या. म्हणून पाइपाच्या टोकाला साबणाच्या डबीत बूस्टर बसवतात. आलेलं क्षीण चित्र तो फुगवतो आणि खाली पाठवतो. आपले अल्लाउद्दीन मिस्त्री शाहूपुरीतल्या दुकानात बसून ते स्वतःच्या हाताने करतात. साबण कुठला यावर बूस्टरचा रंग ठरतो. आमचा गुलाबी आहे.

हां. आमचा. एक टीव्ही आपल्याकडेही आहे. दसऱ्याला आणला. तू यंत्र लावताना बजावलं होतंस, 'घरात विजेचं नवं काही आणलं तर आधी मला कळवा,' आणि मी हो म्हटलं होतं. कळवायचं राहून गेलं. हे वाक्य नववीतल्या कुणी मला ऐकवलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

का आणला, ते ऐक. तू अहमदाबादेस गेलास आणि तुझ्या मामीने माझ्याशी भांडणं सोडलं. मी चष्मा हरवला, ती काही बोलली नाही. आमटीत मीठ नाही म्हटलं, तर उठून मीठ आणून दिलं. तू तिला ओळखतोस. बावीस वर्षांत तिने मला मीठ आणून दिलेलं नाही. दुपारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची ती चार-चार तास. राजारामपुरीतल्याच डॉक्टरांनी सांगितलं, औषध देतो, पण मन रमवा. मन रमवायला माझ्याकडे काय होतं? मी तिला सुभाषितं म्हणून दाखवली. तिने मलाच औषध घ्यायला सांगितलं.

टीव्ही आला आणि तिसऱ्या दिवशी ती इमामबींशी भांडली. कारण : बातम्या सांगणारी बाई उद्या कुठल्या रंगाची साडी नेसेल. मी वर तुझ्या खोलीत कागद लावत होतो. खालून तिचा चढा आवाज आला आणि मी कागद तसाच सोडून जिन्यावर ऐकत बसलो.

तिचा नेम मात्र कडक. तुळशीपुढे दिवा लावल्याशिवाय टीव्ही लावायचा नाही. दिवस मावळला की दिवा, दिवा झाला की टीव्ही. कार्यक्रम सुरू झालेला असो वा नसो. इमामबी भिंतीला टेकून तिला ओरडून सांगत असतात, "बाळाबाई, बुडाला की गं सूर्य! लाव की दिवा!"

मिस्त्रींना मी विचारलं होतं. ते म्हणाले, "सर, बूस्टर नुस्तं घेतंय. देत काय न्हाय." तेव्हा तुझ्या मार्गदर्शकांना तसं कळव. चिंता नसावी.

निबंधाची तयारी नीट कर. स्वेटर घालत जा.

तुझा,
जोतीराम मामा


राजारामपुरी
रविवार, ६ फेब्रुवारी १९८३, दुपार

सयाजी,

तार मिळाली असेल. 'निबंध थांबव. थरथर आपल्या घरातली. पत्र येतंय.' तारबाबूने दोनदा विचारलं, "थरथर म्हंजे आजारपण का सर?" मी हो म्हणालो.

काल तुझं पत्र आलं. 'मामा, तुम्ही खात्री दिलीत, आता मी निर्धास्त आहे. मामींच्या दिव्याच्या नेमाचं वाचून खूप हसलो.' तू हसलास. मी ते वाक्य मुद्दाम पेरलं होतं. वाटलं होतं, तुझ्या ध्यानात आपोआप येईल आणि मला सांगावं लागणार नाही. तुझ्या ध्यानात का आलं नाही, हेही मला कळलं. खाली मी 'चिंता नसावी' असं लिहिलं होतं, आणि तू शंका कशावरही घेशील, माझ्या अक्षरावर घेणार नाहीस.

नववीत असताना मी तुला न्यायशास्त्रातलं एक उदाहरण शिकवलं होतं. आठवतं? धूर दिसला तर अग्नी आहे, हे बरोबर. पण अग्नी दिसला म्हणून धूर असेलच असं नाही. सरपण ओलं असेल तरच धूर. जो ते ओलं सरपण विसरला, त्याचं सगळं अनुमान फसलं. सूर्य बुडाला की लेखणी थरथरते, असं तुला दिसलं. मधलं ओलं सरपण तुझी मामी. सूर्य बुडाला की ती दिवा लावते, दिवा लावला की टीव्ही लावते, टीव्हीबरोबर बूस्टर सुरू होतो, आणि त्याने लेखणी थरथरते. सूर्यास्त दोन मिनिटं मागे गेला की तिचा दिवाही दोन मिनिटं मागे जातो. इतक्या काटेकोरपणे सूर्य पाळणारी बाई तुझ्या विद्वानांच्या हिशेबात कशी असणार?

ती एकाच दिवशी नेम मोडते. रविवारी. सिनेमा दिवेलागणीच्या आधी सुरू होतो, आणि इमामबींनी तिला पटवलं, की सुट्टीच्या दिवशी एवढं चालतं.

दसऱ्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी तुझ्या खोलीत होतो. ऊन अजून समोरच्या भिंतीवर होतं. खाली सिनेमाचं संगीत सुरू झालं आणि लेखणी थरथरू लागली. मी कागदाकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं. कळायला मला एक क्षणही लागला नाही, सयाजी. पंचांग बघणाऱ्या माणसाला लागणारच नाही. आकाशातलं काहीही सिनेमाची वेळ बघून येत नाही.

रविवारी वीज जात नाही. कधीच गेली नाही.

त्या दिवशीचा कागद मी तुझ्या जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत टाकला. पुढच्या रविवारचाही. फाडून टाकावेत असं मनात आलं, पण लिहिलेला कागद फाडायला हात होईना, मास्तराची खोड. असे चौदा झाले. सोबत रजिस्टरने पाठवतो आहे. प्रत्येकावर तारीख आणि वेळ बिनचूक घातली आहे. खोटं बोलतानाही मी कारकुनी नीट केली, एवढंच.

आज सकाळी अल्लाउद्दीन मिस्त्रींना बोलावून घेतलं. पोराचा निबंध अडतोय, एवढंच सांगितलं. ते जरा दुखावले. "सर, माझा बूस्टर असलं काय करनार न्हाय. वायंडिंग सोत्ता केलंय मी." म्हटलं, करून बघू. ते खाली टीव्हीपाशी बटणावर हात ठेवून, मी वर लेखणीपाशी, आणि एकमेकांचं ऐकू येईना म्हणून मधे जिन्यावर तुझी मामी, भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी.

"लावलं म्हणत्यात!" मामी ओरडली.

लेखणी थरथरू लागली. सकाळचे साडेनऊ वाजले होते.

"थरथरतेय," मी म्हणालो.

"थरथरतंय म्हणत्यात, मिस्त्री! बंद करा!"

थांबली. मिस्त्रींनी सहा वेळा लावलं, सहा वेळा बंद केलं. सहा वेळा लेखणीने त्यांचं ऐकलं. मग ते वर आले आणि त्यांनी कागदावरच्या सहाही थरथरी मोजल्या. "वैनींना चित्र लख्ख दिसावं म्हणून दोन येढे जास्त मारलेवते तारेचे," ते म्हणाले. "लईच फुगवाय गेलो. आता त्यो पुण्याचं घीत बसत न्हाय सर. सोत्ताच वराडतोय." माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "असलेच पन्नास-साठ दिल्यात मी गावात."

मामी दारात उभी होती. "म्हंजी पोराच्या कागदावर आमचा टीव्ही हाय व्हय?"

मिस्त्रींनी कागदावरच्या शेवटच्या थरथरीवर बोट ठेवलं.

"तुमास्नी कवापासनं ठावं हाय?" हे मला.

मी म्हणालो, "दसऱ्यापासून."

ती बोलली नाही. तीच ती, उंबऱ्यावरची गप्प. मी घाबरलो. म्हणालो, "अगं, तुझ्यासाठीच. टीव्ही बंद झाला असता तर तू पुन्हा..."

"माझं नाव घिऊ नगा!" तिचा आवाज गल्लीत गेला असेल. "मला इचारलंवतं? पोराचं आभाळ बुडवून मी शिनेमा बघीन आसं वाटलं तुमास्नी? टीव्ही माझा हाय. लबाडी तुमची हाय. ती माझ्या पदरात बांधू नगा. आदी तार करा, मग पत्र लिवा. हितं, माझ्यासमूर."

आणि खाली जाऊन तिने बूस्टरची वायर स्वतः उपसली. आता पडद्यावर नुसत्या मुंग्या आहेत, मागून आवाज येतो. मिस्त्री येढे काढून नवा बूस्टर करून देणार आहेत, आधी तुझ्या लेखणीपुढे परीक्षा घेऊन. गावातले बाकीचेही एकेक करून उतरवून बघणार म्हणाले. इमामबींना निरोप धाडला, की आज चित्र नाही. उलट निरोप आला : आवाज हाय न्हवं? येतोय की ऐकायला.

म्हणजे बघ, मी ज्या कारणामागे लपलो होतो ते तुझ्या मामीने काढून घेतलं. टीव्ही गेला तर ती गप्प होईल, असं मी स्वतःला तीन महिने समजावत होतो. टीव्ही गेला आणि ती आज जेवढी भांडली तेवढी लग्नानंतर भांडली नव्हती. ती समोर बसून तांदूळ निवडते आहे. मी लिहायचा थांबलो की मान वर करते.

मग उरलेलं लिहितो.

थरथर सुरू झाली आणि तुझी पत्रं सुरू झाली. आधी पोस्टकार्ड, चार महिन्यांतून एकदा. मग दर आठवड्याला पाकीट. 'मामा, कालच्या कागदावर बघितलंत का?' 'मामा, तुमच्याशिवाय हे झालं नसतं.' मला कळत होतं की ही पत्रं मला येत नाहीत, त्या थरथरीला येतात. पत्ता माझा होता, म्हणून मी फोडत होतो. तुझ्या मार्गदर्शकांनी सरळ प्रश्न विचारला आणि तू तो माझ्याकडे पाठवलास, त्या दिवशी मी टेबलाशी बसलो तो खरं लिहायलाच. पण तुझ्या पत्राच्या शेवटी होतं, 'मे महिन्यात येतो, महिनाभर गच्चीवरच झोपेन, तुम्ही नक्षत्रं सांगा.' ते पुन्हा वाचलं आणि चार दिवस गेले.

तुझा निबंध वेळेवर थांबेल. लाज वाटेल, पण छापून आल्यानंतरच्या लाजेपेक्षा कमी. तुझ्या मार्गदर्शकांना हे पत्र दाखव. चूक कारकुनाची आहे, संशोधकाची नाही, हे माझ्या सहीनिशी त्यांच्याकडे असू दे. यंत्र चालू आहे. आजपासून रविवारचाही कागद येईल. त्यात आकाशगंगेचा उंचवटा असेल, चार मिनिटं लवकर, कालच्यासारखाच. त्यात नवं काही नाही. तो सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणजे इथल्या कागदांत आता तुझ्या उपयोगाचं काही राहिलेलं नाही. यंत्र दुसऱ्या गावी हलवायचं असेल तर माणूस पाठव, मी नीट बांधून देईन. तू स्वतः यायला हवंस असं काही कारण नाही. गादी पिंजलेली आहे, पण ते कारण होत नाही.

इतकं लिहून झाल्यावर मामी विचारते आहे, "संपलं?" नाही म्हणालो. एक वाक्य राहिलं आहे, आणि त्यात विनोद सुचत नाही.

तू आता मला पत्र लिहिणार नाहीस, याची मला भीती वाटते.

जोतीराम मामा